धुराची दवाई

माझ्या नवऱ्याले भर बाजारात चोर म्हणलं होतं. धाडच्या बाजारात, सगळं गाव आन आजूबाजूची खेडी गोळा झालेली असताना. ज्या तोंडानं म्हणलं, त्याच तोंडानं मी ते परत घ्यायले लावलं. कसं, ते सांगते. फक्त मधात कोणी बोलू नका. मले राग लवकर येते आन मंग एकाचं दुसरंच सांगत बसते.

माझं नाव बनाबाई. आमचे माणिकराव पंजाबरावच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पंजाबराव म्हणजे धाडचे मोठे कास्तकार, कापसाचे खरेदीदारबी तेच. मुंबईसकट महाराष्ट्र होऊन पाच-सात सालं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्यांच्यापाशी डिझेलच्या दोन गाड्या होत्या. एक आमचे चालवत, दुसरी रोहिणखेडचे उत्तमराव. दसरा झाला की गाड्या सुरू. कापूस भरायचा, बुलढाण्यावरून राजूरचा घाट उतरायचा, मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात माल खाली करायचा आन रिकामी गाडी घेऊन घाट चढून परत यायचं. आमच्या वस्तीतला लायसन काढलेला पहिला माणूस म्हणजे माझा नवरा. त्यायच्या बापानं जन्मभर गावकीची कामं केली, कोणी हाक मारली की पळत जायचं. यायनं मात्र खाकी शर्ट घालून, भोंगा वाजवत गावातून गाडी काढली. मले अभिमान होता, खोटं काऊन बोलू!

पण त्या गाडीचा धूर! अरे बाप्पा! चढ लागला की मागं काळा ढग. तो कॅबिनच्या फटीतून आत येई. घरी आले की हा माणूस आधी अंगणात बसून खोकणार, मंग पाणी मागणार. शर्टाची कॉलर तव्याच्या बुडासारखी काळी. धुऊन धुऊन माझे हात सोलून निघत. मी म्हणू, "गाडी चालवता का कोळसे पाडता?" ते हसायचे. आमचे माणिकराव कमी बोलणारे. घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याले आलेलं.

तर त्या साली दसऱ्याले पंजाबरावच्या वाड्यासमोर दोन्ही गाड्या धुऊन उभ्या केल्या होत्या. झेंडूचे हार, बोनेटवर कुंकू, चाकाखाली लिंबू. आम्ही बायका आपट्याची पानं घेऊन उभ्या होतो. तिथं एक एजंट आला. पांढरी पँट, हातात चामड्याची पेटी, बोलणं पुण्या-मुंबईकडचं. त्यानं पेटीतून लाल दवाईची बाटली काढली. म्हणला, "हे औषध डिझेलमध्ये मिसळा. धूर जवळजवळ बंद. आणि डिझेल इतकं वाचेल, की मालक, तुम्ही माझं नाव काढाल."

त्यानं गाडी सुरू करायले लावली आन पांढरा रुमाल धुराच्या नळकांड्यापुढं धरला. काळा झाला. मंग टाकीत दवाई टाकली, बराच वेळ इंजिन चालू ठेवलं आन दुसरा रुमाल धरला. राखाडी. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. मले वाटलं, चला, शर्ट धुवायचा त्रास गेला.

पंजाबराव तर हरखून गेले. त्यायनं काय केलं असेल? त्या बाटलीलेच कुंकू लावलं, हळद वाहिली आन तिच्यासमोर नारळ फोडला! एजंटही चाट पडला. मंग पंजाबराव ओट्यावर उभे राहून म्हणले, "आजपासून दोन्ही गाड्यायत दवाई. देवाची पूजा करून टाकून राह्यलो. आता डिझेल वाचलंच पाहिजे. आन वाचलं नाही, तर समजून घ्या, ड्रायव्हर टाकीतून काढून विकून राह्यला."

आता बोला! देवीच्या दिवशी असं बोलते कोणी? पण ड्रायव्हर लोक रस्त्यानं डिझेल विकतात हे मालकाच्या डोक्यात कायमच बसलेलं असते. गाडी घरी आली की पंजाबराव स्वतः टाकीत लोखंडी पट्टी बुडवून मोजायचे. मालकाची एक सवय असते, ड्रायव्हरची एक. आम्ही ते हसण्यावारी नेलं.

पण उत्तमरावनं हसण्यावारी नेलं नाही. ते मले मागून कळलं.

दिवाळीपर्यंत गाड्या चालल्या. धूर कमी झाला, हे मी कोणाही समोर सांगीन. कॉलर पहिल्यासारखी काळी होईना, खोकलाही उतरला. दवाई धुराले चांगली होती. डिझेलचं मात्र भलतंच झालं. उत्तमरावच्या गाडीचं डिझेल खरंच वाचायले लागलं, पट्टीवर सरळ दिसे. आमच्या गाडीचं काही वाचेना. जेवढं आधी लागे तेवढंच लागे.

एजंटनं पंजाबरावले जिल्ह्याची एजन्सी द्यायचं कबूल केलं होतं. उत्तमरावच्या गाडीवर पाटी रंगवली, 'ही गाडी कमी डिझेलात चालते'. दोन्ही गाड्या सारख्या, माल सारखा, रस्ता एक, दवाई एक. मंग आमच्या गाडीचं डिझेल जाते कुठं? पंजाबरावनं एजंटले विचारलं. तो मेला म्हणला, "मालक, औषध खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

बाजाराच्या दिवशी पंजाबराव भर गर्दीत आमच्या माणिकरावसमोर उभे राह्यले. मी लसूण घेऊन राह्यली होती. मालक ओरडले, "काऊन बे माणक्या, माझं डिझेल कोणाले विकतं? उत्तमच्या गाडीत वाचते आन तुझ्या गाडीत गळते? चोर साला! गाडीची चाबी ठेव इथं."

सगळा बाजार थांबला. मी माणिकरावच्या तोंडाकडं पाहत होती. आता बोलतील, आता बोलतील. त्यायनं खिशातून चाबी काढली, मालकाच्या हातात दिली आन घराकडं चालायले लागले. एक शब्द नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लसूण तिथंच टाकला आन मी मागं धावली.

घरी आल्यावर मी दार लावलं. "काऊन गप्प बसले तुम्ही? चोर म्हणलं तुम्हाले! वस्तीतल्या लेकरायनं ऐकलं, सोयऱ्यायनं ऐकलं. तुम्ही खरंच विकलं काय?"

"नाही."

"मंग बोलले काऊन नाही? उत्तमरावचं कसं वाचते?"

ते खाली बसून पायातल्या वहाणा काढायले लागले. मी दारातून हलली नाही. शेवटी म्हणले, "मले वचन दे, कोणाले सांगणार नाही." मी दिलं. माझीच चूक, आधी ऐकायले पाहिजे होतं.

मंग त्यायनं सांगतलं. उत्तमराव उतारावर इंजिन बंद करत होते. धाडपासून मलकापूरपर्यंत जिथं उतार लागला तिथं इंजिन बंद, गाडी आपल्या वजनानं सोडून द्यायची. राजूरच्या घाटातबी! वरपासून खालपर्यंत, कापसानं भरलेली गाडी, वर कापूस तुडवणाऱ्या बायाबापड्या बसलेल्या, आन इंजिन बंद. डिझेल वाचणारच. पण गाडीले गिअरचा धरबंध राहत नाही, नुसत्या ब्रेकवर सगळं. एखाद्या वळणावर ब्रेक तापून सुटला की खाली दरी.

"दसऱ्याले मालक बोलले तेव्हापासून तो घाबरला," माणिकराव म्हणले. "डिझेल नाही वाचलं तर चोर म्हणतील म्हणून करून राह्यला. मले घाटाखालच्या मोताळ्याच्या चहाच्या हॉटेलात म्हणला, तूबी करत जा. मी म्हणलं, मी नाही करणार. वर माणसं असतात."

"मंग हे मालकाले सांगा न!"

"ड्रायव्हर ड्रायव्हरची चुगली करत नाही."

"तुमच्या त्या ड्रायव्हरकीले घाला चुलीत," मी म्हणलं. "त्यानं भीतीपायी केलं आन चोर तुम्ही ठरले. आता पोरीच्या सोयरिकीले कोण येईल? चोराची पोरगी म्हणतील." वचन मी देऊन बसली होती. माझ्या तोंडाले कुलूप, आन चाबी या इमानदार माणसापाशी.

पण मी काही गप्प बसणारी बाई नाही. रात्रभर कड बदलली आन सकाळी उठून सरळ पंजाबरावच्या गोदामावर गेली. जे सांगायचं नाही ते सांगणार नव्हती. पण जे दाखवता येते, ते दाखवायले वचन आडवं येत नव्हतं.

गोदामावर एजंट बसलेला होता, आन चिखलीचे दोन व्यापारी. त्यायच्याबी गाड्या होत्या, दवाई घ्यायची का नाही ते पाहायले आलेले. मले पाहून पंजाबराव म्हणले, "काय व? माणक्यानं पाठवलं काय माफी मागायले?"

"माफी कोणाची मालक? मी तुमची दवाई पाहायले आली."

"दवाई पाहून काय करतं तू?"

"तुम्ही म्हणता दवाई खरी आन माझा नवरा खोटा. तुमच्या पट्टीवर भरवसा आहे मले. पण गाडी कशी चालते ते तुम्ही पाह्यलं काय? एक खेप उत्तमरावच्या गाडीत बसून करा. शेजारी बसा, डोळ्यानं पाहा, आन आल्यावर या दोन्ही शेटजींसमोर पट्टी टाका. डिझेल वाचलं, तर मी भर बाजारात येऊन सांगीन की हो, माझा नवरा चोर आहे."

"मी बसू ट्रकात?" पंजाबराव हसले. त्यायले जीपशिवाय जायची सवय नव्हती. पोट बी जरा मोठंच.

चिखलीचा एक व्यापारी म्हणला, "बाई काही वावगं बोलली नाही. मालक स्वतः बसून आले आन डिझेल वाचलं, तर मी इथंच पेटी घेतो."

एजंटनं तर हात चोळले. "अहो, याहून चांगली जाहिरात कोणती? बसाच मालक!"

तिकडं उत्तमराव गाडी पुसत उभे होते. मी त्यायच्याकडं पाह्यलं. हातातलं फडकं तसंच राह्यलं. तोंडचं पाणी पळालं होतं बिचाऱ्याच्या. मले कीव आली, पण मी कीव गिळली. माझा नवरा घरी भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"मीबी येते," मी म्हणलं. "कापसावर बसून."

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. कापूस तुडवणाऱ्या दोन बाया आन मी वर बसली. पंजाबराव धोतर सावरत कॅबिनमध्ये चढले, दोघायनं मागून आधार दिला तेव्हा. निघालो. बुलढाण्यापर्यंत उतार आले, चढ आले, इंजिन एकदाही बंद झालं नाही. मी कान देऊन बसली होती. बाया गप्पा मारत होत्या, मले हूं हूं म्हणणंही जमेना.

राजूर घाटाच्या तोंडाशी उत्तमरावनं गाडी थांबवली. खाली उतरले, टायरायले लाथा मारत मारत मागं आले आन वर माझ्याकडं पाह्यलं. हळूच म्हणले, "बनाबाई, माणिकनं सांगतलं वाटते तुम्हाले."

"मले कोणी काही सांगतलं नाही भाऊ. मी तर कापसावर बसून चालली. रोज चालवता तशी चालवा."

"शेजारी मालक आहे न."

"मंग मालकाचा जीव काय आमच्यापेक्षा जास्त महाग आहे?"

त्यायनं परत टायरले लाथ मारली. माझ्या शेजारची बाई म्हणली, "काय झालं व?" मी म्हणलं, "काही नाही, भाऊले टायरची काळजी आहे."

कॅबिनमधून पंजाबराव ओरडले, "काऊन थांबला बे?"

"टायर पाह्यले मालक."

गाडी सुरू झाली. घाट लागला. इंजिन आवाज करत, गिअरमध्ये कुरकुरत, बैलाच्या चालीनं खाली उतरलं. असा सुखाचा घाट मी कधी उतरली नाही. शेजारच्या बाया म्हणल्या, "आज उत्तमभाऊनं मस्त आणली, नाहीतर रोज सपाटून सोडते गाडी. आम्ही डोळे मिटून बसतो." त्या बिचाऱ्यायले काय ठाऊक, रोज गाडी कोणाच्या भरवशावर उतरत होती. तोपर्यंत मी फक्त माझ्या नवऱ्याच्या नावाचा विचार करत होती. तिथं कळलं, माणिकरावनं इंजिन बंद न करता घाट उतरवला म्हणून किती घरायत चूल पेटत राह्यली.

मलकापूरले माल खाली झाला, परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामावर माणसं जमली. चिखलीचे व्यापारी, एजंट, हमाल, रिकामटेकडे. पंजाबरावनं पट्टी पुसली, टाकीत बुडवली, काढली, उन्हात धरून पाह्यली. परत बुडवली. परत पाह्यली.

माणिकरावच्या गाडीले लागे तेवढंच डिझेल लागलं होतं. एक थेंब वाचला नव्हता.

चिखलीवाला म्हणला, "काय झालं शेटजी? दवाई काल सुट्टीवर गेली काय?"

एजंट घाबरला पण तोंड चालूच. "नाही, त्याचं कारण आहे. काल गाडीत मालक बसले होते. वजन वाढलं ना."

हमाल खो खो हसायले लागले. पंजाबरावच्या नाकाले मिरच्या झोंबल्या. ते एजंटवर नाही, उत्तमराववर धावले. "काल रोजच्याएवढं वाचलं नाही म्हणजे तूबी विकलं! तूबी चोर!"

"केव्हा विकलं मालक?" उत्तमराव म्हणले. "पूर्ण रस्ता तुम्ही माझ्या शेजारी होते. जेवायलेबी एकाच ठिकाणी बसलो."

"मंग गेलं कुठं?"

उत्तमरावनं माझ्याकडं पाह्यलं. मी तोंड उघडलं नाही. मी वचन दिलेलं होतं, आन त्या वेळी खरं सांगते, मले उघडायचंही नव्हतं. ते त्यानंच बोलायले पाहिजे होतं.

आन तो बोलला. "कुठं गेलं नाही. रोज वाचत होतं, कारण मी उतारावर इंजिन बंद करत होतो. घाटातबी. तुम्ही दसऱ्याले म्हणले, वाचलं नाही तर चोर. मले चोर व्हायचं नव्हतं मालक. काल तुम्ही शेजारी बसले, म्हणून बंद केलं नाही. केलं असतं तर तुम्हीच दार उघडून उडी मारली असती."

कोणी हसलं नाही. चिखलीच्या दोघायनं टोप्या घातल्या आन निघून गेले. एजंटनं पेटी आवरली. पंजाबराव मटकन पोत्यावर बसले. त्यायले गाडी दिसत असेल, कापूस दिसत असेल, वरच्या बाया दिसल्या का नाही ते देव जाणे. मंग एकदम उठले आन म्हणले, "उत्तम, चाबी ठेव. उद्यापासून येऊ नोको."

उत्तमराव गेले. मंग मालक माझ्याकडं वळले. "झालं तुझं समाधान? माणक्याले उद्या पाठव कामावर."

"चोराले कामावर घेता काय मालक?"

"तो चोर नाही, दिसलं न आता."

"मले दिसलं. तुम्हाले दिसलं. बाजाराले कुठं दिसलं? चोर म्हणलं ते बाजारात. नाही म्हणायचं तेबी बाजारातच."

"जास्त बोलू नोको बाई."

"मी कमीच बोलून राह्यली. जास्त तुम्ही बोलले होते." आन मी आली निघून.

घरी माणिकराव कपडे घालून तयार! बातमी माझ्याआधी पोचली होती. "झालं न आता," म्हणे. "गाडीवर जातो." मी दारात आडवी झाली. म्हणलं, "जा. खुशाल जा. पण परत आलं की घर दुसरं पाहा, हे दार उघडणार नाही." बसले मंग. रुसले. दोन वेळा जेवले नाहीत, मीबी वाढलं नाही.

इकडं कापसाचे दिवस. पंजाबरावच्या अंगणात कापसाचा डोंगर, दोन्ही गाड्या उभ्या, आन धाडात तिसरा लायसनवाला ड्रायव्हर नाही. पहिल्यांदा मुनीम आला बोलवायले. मी परत पाठवला. मंग पंजाबराव स्वतः आले. वस्तीत नाही, वस्तीच्या कडेच्या लिंबाखाली उभे राह्यले आन हाक मारली. आम्ही दोघं गेलो.

"माणक्या, चल. आकाशात ढग येऊन राह्यले, कापूस भिजेल."

माणिकराव काही बोलायच्या आत मी म्हणलं, "बाजारचा दिवस परवा आहे मालक."

पंजाबरावनं डोळे वटारले, मंग जरा नरमले. "बरं. मी दवंडी पिटवतो. गावभर दवंडी देतो की माणक्यानं डिझेल विकलं नाही. झालं?"

"दवंडी कोण देईल?"

"कोण म्हणजे? तुमच्यातलाच…" इतकं बोलून ते थांबले. त्यायच्याच ध्यानात आलं.

"आमच्यातलं कोणी देणार नाही," मी म्हणलं. "नागपूरले दीक्षा घेतली त्या सालापासून आमच्या वस्तीनं डफडं खाली ठेवलं. यायच्या बापानं तुमच्या बापाच्या दवंड्या दिल्या, ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत. आता चोर म्हणायले तुमचं तोंड, आन नाही म्हणायले आमचं डफडं? ते काही जमणार नाही. चोर स्वतः म्हणले होते, तेव्हा दवंडी लागली होती काय?"

पंजाबराव फिरले आन गेले. माणिकराव म्हणले, "आता काही तो आपल्याले घेत नाही." मी म्हणलं, "नाही घेतलं तर नाही घेतलं. डोणगावले माझा भाऊ आहे, तिथं वावरात निंदायले जाऊ. पण चोर म्हणून त्यायच्या गाडीवर नाही जाणार." त्यायनं माझ्याकडं पाह्यलं आन त्या दिवशी पहिल्यांदा जेवायले मागितलं.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम नवं लुगडं नेसून गेली. माणिकरावले सोबत नेलं. ते येत नव्हते, ओढत नेलं. आभाळ भरून आलेलं. माणसं घाई करून राह्यली होती. आम्ही उभं राह्यलो. बराच वेळ कोणी आलं नाही. बाया माझ्याकडं पाहून कुजबुजत होत्या, आन मले वाटायले लागलं, बनाबाई, तू आपल्या तोंडानं आपलं घर बुडवलं.

मंग पंजाबराव आले. एकटे. धान्याच्या बाजाराच्या ओट्यावर चढले. लोक आपोआप गप्प झाले. त्यायनं कोणाकडंच पाह्यलं नाही.

"मागच्या बाजारी मी माणिकरावले चोर म्हणलं होतं," ते म्हणले. "त्यानं डिझेल विकलं नाही. मी खोटं बोललो."

बस. एवढंच. पण माणिकराव म्हणले होते, माणक्या नाही. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. मी पदर लावला. मनात म्हणलं, झालं, जिंकलो, आता घरी चला.

तर हा माझा मुका नवरा एक पाऊल पुढं गेला. "मालक, एक नाव राह्यलं."

"कोणाचं?"

"उत्तमरावचं."

मी त्यायचा शर्ट मागून ओढला. त्यायनं हात सोडवला.

"त्यानं इंजिन बंद केलं ते तुमच्या बोलण्याच्या भीतीनं," माणिकराव म्हणले, आन इतकं बोलताना मी त्यायले कधीच ऐकलं नव्हतं. "मंग कबूलबी त्यानंच केलं. मी चुगली नाही केली, माझ्या बायकोनं नाही केली. त्याले कामावर घ्या. आन सगळ्यायसमोर सांगा की तुमच्या गाड्या घाटात इंजिन बंद करून उतरणार नाहीत. दवाई टाकायची तर टाका. धूर खरंच कमी होते, माझी छाती सांगते. पण डिझेल जेवढं लागते तेवढं लागते."

पंजाबरावचा चेहरा लाल झाला. "आन नाही म्हणलं तर?"

"तर दुसरा ड्रायव्हर पाहा. मीबी चाललो."

एवढं भांडून हातात आलेलं, आन हा माणूस बाजारात परत डावावर लावून राह्यला, दुसऱ्यासाठी! त्या उत्तमरावसाठी, ज्याच्यापायी आम्ही चोर ठरलो! मनात आलं की आता घरी जाऊन याले चांगलं फैलावर घेते. पण मी त्यायच्या बाजूले जाऊन उभी राह्यली. बोटायनं त्यायची बाही धरली, ओढायले नाही, नुसती धरली.

वर पहिला थेंब पडला. कोणीतरी मागून म्हणलं, "बोला शेटजी, कापूस भिजते." पंजाबराव ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं, मालक," मी म्हणलं. "मागच्यायले ऐकू नाही गेलं."

पंजाबरावनं घसा साफ केला आन उत्तमरावचं नाव मोठ्यानं घेतलं, उद्यापासून कामावर ये म्हणून, आन घाटात इंजिन बंद होणार नाही हेबी.